बाळाचा टप्पा आधी, खेळणं नंतर: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या आईबाबांसाठी

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "केवढं आहे बाळ?" तुम्ही महिने सांगता आणि त्या आकड्यावरून डबा पुढे येतो. पण आठ महिन्यांची दोन बाळं सारखी नसतात. एक घरभर रांगून चपलांच्या स्टँडपर्यंत पोचलेलं असतं, दुसरं एका जागी बसून वाटी-चमचा आपटण्यात तासभर रमतं. दोघांना एकच खेळणं दिलं तर एकाला ते कंटाळवाणं होतं आणि दुसऱ्याला कधीकधी धोक्याचंही.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी बाळ आज काय करतंय ते पाहायचं, मग खेळण्याकडे वळायचं. कुठल्याही खेळण्याने बाळ लवकर चालत किंवा बोलत नाही, डब्यावर 'ब्रेन डेव्हलपमेंट' कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो. टप्पा जवळ आला की साधी स्टीलची वाटीसुद्धा कामाला येते.

सुरुवातीला हाताशी ठेवा

- माता व बाल संरक्षण कार्ड किंवा खासगी डॉक्टरांचं लसीकरणाचं पुस्तक. यात वाढीचा आलेख आणि टप्प्यांची चित्रं असतात. बहुतेक घरांत फक्त लसींचं पान उघडलं जातं.
- प्रसूतीनंतरचं डिस्चार्ज कार्ड. बाळ किती आठवड्यांचं होऊन जन्मलं, वजन किती होतं, जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, हे सगळं त्यावर असतं.
- नवजात श्रवण तपासणीचा रिपोर्ट. तपासणी झालीच नसेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना तसं सांगा.
- शिंप्याची टेप, जाड पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर.
- फोनवर 'बीआयएस केअर' हे ॲप. खेळण्यावरचं आयएसआय चिन्ह खरं आहे का, ते यात तपासता येतं.

१. बाळाचं हिशेबाचं वय काढा

पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर ही पायरी सोडा. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र टप्पे पाहताना वेगळं धरतात. ४० मधून जन्माच्या वेळचे आठवडे वजा करायचे आणि येणारा आकडा आजच्या वयातून कमी करायचा. ३२ आठवड्यांचं होऊन जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलं. ते आज सहा महिन्यांचं असेल तर टप्प्यांच्या दृष्टीने साधारण चार महिन्यांचं समजा. दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब चालतो.

घोळ दोन बाजूंनी होतो. काहीजण हा हिशेब करतच नाहीत आणि उगाच घाबरतात. काहीजण लसींनाही तोच हिशेब लावतात आणि लसी पुढे ढकलतात. लसी जन्मतारखेप्रमाणेच घ्यायच्या असतात. कमी वजनाच्या बाळासाठी एखादी लस पुढेमागे करायची असेल तर ते डॉक्टर सांगतील.

२. टप्प्याला तारीख नसते, पल्ला असतो

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचाली महिनोन्‌महिने पाहून २००६ साली सहा टप्प्यांचे पल्ले प्रसिद्ध केले. यातला पहिला आकडा अगदी लवकर करणाऱ्या मुलांचा आहे आणि दुसऱ्या आकड्यापर्यंत शंभरातली ९९ मुलं तो टप्पा गाठतात.

- आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने
- धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४ महिने
- हात आणि गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने
- धरून चालणं: ५.९ ते १३.७ महिने
- आधाराशिवाय उभं राहणं: ६.९ ते १६.९ महिने
- आपलं आपण चालणं: ८.२ ते १७.६ महिने

चालण्याचा पल्ला बघा, नऊ महिन्यांहून जास्त रुंद आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या दहा महिन्यांच्या मुलीने पावलं टाकल्याचा व्हिडिओ आला म्हणून तुमचं तेरा महिन्यांचं बाळ मागे पडलेलं नसतं. त्याच पाहणीत साधारण चार टक्के निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकलं, कुणी थेट उभं राहिलं. आजी म्हणतात तसं 'रांगायलाच हवं' असं काही नसतं.

या यादीत बोलणं, ऐकणं आणि माणसांशी नजर जुळवणं नाही, ही तिची मर्यादा. पालकांचंही तसंच होतं. चालण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि बाळ नावाने हाक मारल्यावर वळतं का, हे कुणी बघत नाही. लसीकरणासाठी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, नऊ महिन्यांना आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दवाखान्यात जावंच लागतं. प्रत्येक वेळी हालचाल, हात, बोलणं-ऐकणं आणि माणसांत मिसळणं या चारही गोष्टी विचारायच्या, असं ठरवून टाका. सुई टोचली की बाळ रडतं आणि विचारायचं राहून जातं, म्हणून प्रश्न सुईच्या आधी.

३. आज हात, तोंड आणि पाय काय करतायत ते बघून खेळणं निवडा

*नजर स्थिरावतेय, मान अजून डुगडुगतेय (साधारण पहिले तीन महिने).* या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा जिथे असतो तिथपर्यंतचं. फिक्या गुलाबी-निळ्या रंगांपेक्षा काळं-पांढरं त्याला लवकर कळतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मार्करने जाड पट्टे आणि वर्तुळं काढा, झालं खेळणं. बाळ जागं असताना दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटं पालथं घालायचं आणि समोर तो पुठ्ठा उभा करायचा. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच.

पाळण्यावरचं चिमण्या-पोपटांचं झुंबर या वयात चांगलं. पण ते बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर हवं, आणि बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं की उतरवून ठेवायचं. त्यानंतर ते दोऱ्यांचं जाळं असतं.

*मूठ उघडली, दिसेल ते तोंडात (साधारण चार ते सात महिने).* तोंडात घालणं ही वाईट सवय नसते. वस्तू कशी आहे हे बाळ जिभेने आणि हिरड्यांनी तपासत असतं. त्याला थांबवण्यात अर्थ नाही, म्हणून हाताला लागेल ते तोंडात गेलं तरी चालेल असंच द्या. हलका खुळखुळा, एकसंध सिलिकॉनची रिंग, कापडी गोळा. खुळखुळ्याची दांडी निमुळती आणि लांब नको, पडल्यावर घशाकडे जाते. आतले दाणे दिसत असतील तर जोड नखाने उचकटून बघा. पाणी भरलेले टीदर चावून फुटतात, ते घेऊच नका.

घरी प्लॅस्टिकच्या बाटलीत तूरडाळ किंवा राजमा भरून खुळखुळा करायची पद्धत आहे. झाकण फिरवून बंद केलेलं असतं आणि नऊ-दहा महिन्यांचं बाळ ते दातांनी सैल करतं. हा प्रकार करायचाच असेल तर बाटली मोठ्या माणसाच्या हातात राहू दे.

*बसता आलं, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जातेय (साधारण सात ते दहा महिने).* आता स्वयंपाकघर उघडा. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या, लाकडी पळी, पोळ्यांचा रिकामा डबा. बाळ वस्तू खाली टाकतं आणि वाकून बघतं, तेव्हा ते तुम्हाला छळत नसतं. नजरेआड गेलेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला नुकतंच कळायला लागलेलं असतं. वाटीखाली चमचा लपवा, ओढणीआड जाऊन 'बुवाकुक' करा. या वयाचा याहून चांगला खेळ कुठल्याही मॉलमध्ये मिळत नाही.

*चिमटी आली (साधारण नऊ ते बारा महिने).* तर्जनी आणि अंगठ्यात बारीक वस्तू पकडता येणं हा मोठा टप्पा, आणि घरातला सगळ्यात धोक्याचा काळही हाच, कारण याच सुमाराला बाळ रांगतंही. फरशीवर गुडघे टेकून एकदा बाळाच्या उंचीवरून बघा. सोफ्याखाली शेंगदाणा, कपाटाच्या कडेला गोळीचं पान, आरशाखाली पडलेली टिकली, कानातल्याची फिरकी, रिमोटमधून निसटलेला सेल. खेळण्यांपेक्षा याच वस्तूंवर आधी लक्ष द्या. खेळणं म्हणून मोठ्या तोंडाचा डबा आणि त्यात टाकायला-काढायला मोठे ठोकळे पुरेत.

*उभं राहून पावलं टाकतंय (साधारण बारा ते अठरा महिने).* इथे पांगुळगाडा आणि गोल वॉकर यांतला फरक समजून घ्या. पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं, तोल स्वतः सांभाळतं आणि नको झालं की सोडून देतं. गोल वॉकरमध्ये ते कापडी बैठकीत लटकलेलं असतं, पायाची बोटं टेकवत सुसाट सुटतं आणि क्षणात जिन्याशी किंवा गॅसजवळ पोचतं. वॉकरने चालणं लवकर येत नाही. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, तरी भेट म्हणून तो येतोच. आला तर बदलून घ्या. पांगुळगाडा घेताना तो जड आहे ना ते बघा. गुळगुळीत टाइल्सवर हलका गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटतं. चाकांना रबर हवं. तळाशी दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधली तरी वेग कमी होतो.

*दीड ते तीन वर्षं.* जाड खडू, फेकायला-लाथाडायला चेंडू, जाड पानांची चित्रांची पुस्तकं, एकावर एक ठोकळे, भातुकली (मोठ्या भांड्यांची, बारीक चमच्यांची नाही). या वयात एकच सांगणं, खेळणं जितकं स्वतःहून कमी बोलेल तितकं मूल जास्त बोलतं. बटण दाबलं की इंग्रजी गाणं म्हणणारा फोन मुलाला श्रोता बनवतो. भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली पडदा नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

४. पुठ्ठ्याची नळी करा

खेळण्यांच्या मानकांत बारीक भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचा नळकांडा असतो. लहान मुलाच्या घशाचा तो अंदाज. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग त्यात पूर्ण मावता कामा नये. चेंडूसाठी माप अधिक कडक आहे, ४४.५ मिलिमीटर, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते आणि बाजूने हवा जायला फट उरत नाही.

घरी दोन नळ्या नकोत, मोठ्या मापाची एकच करा.

1. जाड पुठ्ठ्याची १५ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा.
2. टोकं एकमेकांवर १ सेंटिमीटर चढवून गोल चिकटवा. आतला घेर १४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साडेचार सेंटिमीटरच्या जवळपास येतो.
3. नळी टेबलावर उभी ठेवून वस्तू वरून सोडा. जी पूर्ण आत जाते, डोकं बाहेर राहत नाही, ती तीन वर्षांच्या आत नाही.

चेंडूला थेट टेप गुंडाळली तरी चालतं. घेर १४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो मोठ्या भावंडाचा. दहा रुपयांचं नाणं, गोट्या, पेनाचं टोपण, ठोकळ्यांच्या संचातली माणसं, सगळं नळीत जाईल. सुटे नसलेले भागही ओढून पाहायचे. गाडीची चाकं, बाहुलीचे डोळे, टेडीचं नाक, शर्टाची बटणं. पूर्ण हिसका द्या. दुकानदार बघत असला तरी द्या, कारण बाळ याहून जोरात ओढणार आहे. दीड वर्षाखालच्या बाळाच्या खेळण्याला २२ सेंटिमीटरपेक्षा लांब दोरी नको.

५. आयएसआय चिन्ह वाचा, नुसतं बघू नका

१ जानेवारी २०२१ पासून देशात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, मग ती इथे बनलेली असोत की आयात केलेली. तपासणी अशी करा.

1. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक पाहा. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, वीज किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४.
2. चिन्हाखाली 'सीएम/एल' अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर चिन्ह नुसतं छापलेलं आहे असं समजा.
3. बीआयएस केअर ॲपमध्ये परवाना तपासायच्या पर्यायात हा क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. नाव डब्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.

फसायला होतं ते इथे. 'सीई' हे युरोपातलं चिन्ह आहे, आपल्याकडे ते आयएसआयची जागा घेत नाही. 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक चार्जर, बॅटरीसारख्या वस्तूंचा असतो, खेळण्याचा नाही. 'नॉन-टॉक्सिक' आणि 'बीपीए फ्री' हे कंपनीचं स्वतःचं म्हणणं.

हातकामाच्या खेळण्यांना वेगळा नियम आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी या सक्तीतून वगळली आहेत. म्हणून चन्नपट्टणाच्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यावर आयएसआय नसलं तर ते नकली ठरत नाही. विकणाऱ्याकडे कारागिराची किंवा संस्थेची नोंदणी विचारा आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने मिनिटभर घासून बघा. रंग उतरला तर परत ठेवा. कोकणातून येणारी सावंतवाडीची लाकडी फळं देखणी असतात, पण त्यातली लहान फळं नळीत मावतात. ती शोकेसमध्ये शोभतात.

डब्यावरच्या गोलात रडवेला चेहरा, '०-३' आणि तिरकी लाल रेघ असेल तर ते खेळणं तीन वर्षांखाली द्यायचं नाही. "आमचा हुशार आहे, त्याला जमतं" हे उत्तर इथे लागू पडत नाही. ती खूण बुद्धीची नसते, घशाची असते.

६. कुठून घ्यायचं

बिल मिळेल आणि डबा हातात घेऊन वाचता येईल, एवढी अट ठेवली तर गोखले रोड, राम मारुती रोड, वाशीचं सेक्टर १७ किंवा सीवूड्सचा मॉल, कुठेही चालेल. ऑनलाइन घेताना फोटोत परवाना क्रमांक दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि माल आल्यावर ॲपमध्ये तपासल्याशिवाय टॅग काढू नका.

तलावपाळीला फिरायला गेल्यावर किंवा लोकलमध्ये दहा-वीस रुपयांना मिळणारी चमचमती खेळणी सुटी असतात, डबा नाही, बिल नाही. मूल हट्ट करतं हे खरं. तीन वर्षांखाली असेल तर साबणाचे फुगे घ्या आणि नळी तुमच्या हातात ठेवा.

नात्यातून आलेली जुनी खेळणी टाकून द्यायची गरज नाही. पण रंगाचे पोपडे, तडा गेलेलं प्लॅस्टिक, गंजका स्क्रू यांपैकी काहीही दिसलं तर ती गेली.

७. घरात येऊच नयेत अशा गोष्टी

*बटण सेल.* यादीत सगळ्यात वर हाच. २० मिलिमीटरचा चपटा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की विद्युतप्रवाहाने तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल वापरलेला, 'संपलेला' असला तरी. खेळण्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूनेच बंद झालेलं हवं. पण हे सेल खेळण्यांबाहेरच जास्त असतात. दिवाळीच्या एलईडी पणत्या, लुकलुकणारी राखी, वाजणारं शुभेच्छापत्र, वजनकाटा, गाडीची चावी. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायची नाही, काही खायला द्यायचं नाही. एक्स-रे होईल अशा रुग्णालयात लगेच न्यायचं. बाळ हसतंखेळतं आहे म्हणून थांबू नका.

*पाण्यात फुगणारे जेलीचे मणी.* शोभेच्या कुंडीसाठी विकतात. पोटात गेल्यावर तिथेही फुगतात, आतड्यात अडकतात आणि साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत.

*जोडीने येणारी छोटी चुंबकं.* दोन गिळली तर आतड्याच्या दोन वळशांना मधे चिमटतात आणि भोक पाडतात.

*फुगे.* वाढदिवसाला आणलेच तर फुटलेले तुकडे त्याच क्षणी गोळा करा. रबराचा पातळ तुकडा घशावर पडद्यासारखा चिकटतो.

*अक्षरं निघणाऱ्या फोमच्या चटया.* बाळ कडा कुरतडतं. फरशी थंड लागते ना, मग गोधडी किंवा जाड सतरंजी अंथरा.

८. आपल्या रीतींत थोडा बदल

रीत मोडायला कुणी सांगत नाही. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, शेंगा, हलवा, उसाचे करवे, रंगीत चॉकलेटच्या गोळ्या ओततात आणि भोवतीची पोरं त्यावर तुटून पडतात. सगळ्यांचं लक्ष फोटोकडे असतं आणि मधे बसलेलं बाळ चिमटीने हलव्याचा दाणा उचलतं. त्यापेक्षा बाळाच्या वाट्याला फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ठेवा आणि एका मोठ्या माणसाला त्याच्या हातांवरच नजर ठेवायला सांगा. बाकीचा खाऊ पुड्या बांधून पोरांच्या हातात.

काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि घुंगरांचे वाळे समारंभापुरते घाला. मणी ओवलेला दोरा लाळेने कुजतो आणि अचानक तुटतो. गळ्यात ताईत किंवा साखळी घालून झोपवू नका. झोळीत किंवा पाळण्यात, एक वर्षाखाली, टेडी आणि उशाही नकोत.

पाणीकपातीच्या दिवशी बादल्या, पिंप भरून ठेवतात. रांगत्या बाळाला बुडायला पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. बाथरूमला बाहेरून कडी, आणि पाण्याचा खेळ तुम्ही हाताच्या अंतरावर असतानाच.

९. घरी आल्यावर

प्लॅस्टिकचं वेष्टन, टॅग आणि तारा काढून लगेच टाका. धुता येईल ते साबणाच्या पाण्याने धुवा. आपल्याकडे पावसाळ्यात कापडी खेळणी नीट वाळत नाहीत, पिळून पंख्याखाली पूर्ण कोरडी होईपर्यंत ठेवा. दाबल्यावर पाणी उडवणारं रबरी बदक जूनमध्ये एकदा कापून बघा, आत काळी बुरशी दिसेल. आंघोळीला मग आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पेला बरा.

एका वेळी पाच-सहा खेळणी बाहेर, बाकीची वरच्या खणात. आठवड्या-दोन आठवड्यांनी अदलाबदल. वाजणारं खेळणं आधी स्वतःच्या कानाशी धरा. तुम्हाला टोचलं तर स्पीकरवर चिकटपट्टी लावा किंवा परत करा.

खेळण्याला आयएसआय नाही किंवा क्रमांक खोटा निघाला तर बीआयएस केअरवरच तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. बिल आणि डब्याचा फोटो लागतो.

१०. घशात अडकलं तर

बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वस्तू बाहेर येईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत आलटून पालटून. एक वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर, बेंबीच्या वर, आत-वर असे पाच झटके. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ किंवा ११२ लावायचा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. बाळ बेशुद्ध पडलं तर छातीदाबन आणि तोंडाने श्वास. हे वाचून जमत नाही, बाळ रांगायच्या आधी घरातल्या दोघांनी तरी प्रात्यक्षिक शिकून घ्या. बाळ सांभाळणाऱ्या मावशींनाही सोबत न्या.

११. टप्पा अडलाय असं वाटलं तर

इथे खेळण्यांचं दुकान उपयोगाचं नाही. खालीलपैकी काही दिसलं तर "मुलगे उशिरा बोलतात", "याचे बाबाही उशिरा चालले" म्हणून थांबू नका.

- तीन महिन्यांनंतरही चेहरा बघून हसत नाही
- चार महिन्यांनंतर मान धरत नाही
- नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नाही
- वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, 'बाबाबा' अशी बडबड नाही
- दीड वर्षापर्यंत चालत नाही, बोटाने दाखवत नाही, एकही शब्द नाही
- दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही
- वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दुसरा मूठ आवळून राहतो
- येत असलेली गोष्ट कुठल्याही वयात बंद झाली

शेवटचं सगळ्यात तातडीचं. बोलणं अडलं असेल तर सगळ्यात आधी कान तपासायचे, बाळ दाराच्या आवाजाला दचकत असलं तरी. मोठा आवाज ऐकू येतो आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत, असं होऊ शकतं.

पहिली पायरी तुमचे बालरोगतज्ज्ञ. सरकारी वाटेने जायचं असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशी, नेरूळ, ऐरोलीतली महापालिकेची रुग्णालयं यांच्या बालरोग विभागात दाखवा. मुलांची मोफत तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि गरज असलेल्या मुलांना पुढच्या तपासणी-उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. बौद्धिक विकासाबाबत शंका असेल तर खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. ऐकणं-बोलणं यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था.

जाताना सुरुवातीला सांगितलेली तिन्ही कागदपत्रं, पालकांचं आधार कार्ड आणि फोनवर दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या: बाळ जमिनीवर खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत बाळ कधीकधी काहीच करून दाखवत नाही आणि डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. "पुढच्या वेळी बघू" असं उत्तर मिळालं तर पुढची वेळ कुठली आणि तोवर बाळाने नेमकं काय करायला हवं, ते कार्डावर लिहून मागा.